आधी जेवा, मग विचारा

माझ्या सासूनं, गिरजाबाई रामटेकेनं, डोंगरगडचा डोंगर जन्मात कधी चढला नाही. पण भिलाईच्या पावर हाउस स्टेशनवर उतरून कुणी विचारलं, की डोंगरगडला जायचं, राहण्या-जेवणाची सोय कुठे, तर लोक आमच्याच दाराकडे बोट दाखवायचे. कितव्या पायरीला दम लागतो, सावली कुठे मिळते, माकडं कुठल्या वळणावर पिशवी ओढतात, तळ्याकाठी किती वाजेपर्यंत गार वाटतं, सगळं तिला तोंडपाठ. सासरे, धोंडबा, रेल्वेत गँगमन होते. डोंगरगडला त्यांचं नऊ वर्षं क्वार्टर होतं. त्या नऊ वर्षांत ही बाई रोज डोंगराकडे पाठ करून भांडी घासायची, एवढाच तिचा आणि डोंगराचा संबंध. बाकीचं ज्ञान परत आलेल्या पाहुण्यांचं. एकाचं ऐकायचं आणि पदरचं तिखटमीठ लावून दुसऱ्याला वाढायचं.

एकदा एका पाहुण्यानं थाप मारली, की वर डाव्या हाताला वाघाची गुहा आहे आणि आत हाडं पडलेली दिसतात. आत्याबाईनं ती गुहा दुसऱ्याच दिवशी आपल्या यादीत घातली. सासूला मी आत्याबाई म्हणायची. पुढचे दोन हंगाम जो तो ती गुहा शोधायला जायचा, आणि गंमत म्हणजे परत येऊन जो तो सांगायचा की पाहिली. एकानं तर हाडं मोजली होती. मी तिला म्हटलं, "आत्याबाई, गुहा नाहीच तिथं." ती म्हणाली, "नसन. पण पाहून आलेले बावीस जन हायेत, तू कोन सांगनारी?"

डोंगराच्या माथ्यावरल्या देवीचं मात्र ती काही सांगत नसे. छप्पन्न साली ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. परत आल्या आल्या तिनं फळीवरचे देव काढले आणि फळी धुऊन तिच्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्या. पाहुणे विचारायचे, "और माताजी का मंदिर कैसा है?" ती म्हणायची, "ते तुमचं तुमी पाहा बाप्पा. मी वाऱ्याचं सांगते, माकडायचं सांगते." पाहुण्यांना वाटायचं, बाई विनोदी आहे. तशी ती होतीच, पण हे विनोदानं बोलत नव्हती.

मी सत्तावन्न साली तुमसरहून लग्न होऊन आले. नवरा शालिकराम (आता नाव घेते, तेव्हा जीभ चावली असती) कारखान्याच्या बांधकामावर खलाशी होता, म्हणजे लोखंडाचे जाड तुकडे दोरखंडांनी उचलून जागेवर बसवणाऱ्या टोळीतला. सासरे तोवर वारले होते. रस्त्याकडेची एक खोली, तिला जोडून कौलांची लांब पडवी, पडवीत सहा खाटा. भिलाईत तेव्हा सगळ्या देशातली माणसं येऊन पडली होती आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे नातेवाईक येत होते. कुणाचा जावई इंजिनियर, कुणाचा भाचा फोरमन. दोन दिवस ते चिमण्या आणि क्रेन बघायचे. तिसऱ्या दिवशी त्यांना प्रश्न पडायचा, आता काय बघायचं? जवळ डोंगर म्हणावा तर डोंगरगड. सकाळची पॅसेंजर, वर चढून संध्याकाळी परत. आदल्या दिवशी आमच्याकडे मुक्काम, रात्री जेवण, सकाळी फडक्यात बांधलेली भाकर-झुणका आणि सोबत आत्याबाईचं वाघाच्या गुहेसकट मार्गदर्शन.

आणि पाटवडीचा रस्सा. त्याचं काय सांगू! बेसनाच्या वड्या आणि वर खोबरं-खसखस भाजून केलेला लाल रस्सा. खाणाऱ्याच्या कानातून घाम निघायचा आणि तो दुसऱ्यांदा वाटी पुढे करायचा. मला तो तिच्यासारखा अजून जमत नाही आणि ती गेल्यावरही मी हे कबूल करते, म्हणजे बघा.

आता खरी गोम. जेवायला बसण्याआधी पाहुणा विचारायचाच, "बाई, आप लोग कौन?" विचारणारा वाईट असायचा असं नाही. सवयच ती. पाय धुवावे तशी जातही विचारून घ्यायची. त्यावर आत्याबाईचं एकच उत्तर ठरलेलं.

"आधी जेवा, मंग विचारा. उपाशी मानसाले मी जवाब देत नाही."

ताट पुढे आलेलं असायचं, रश्श्याचा वास नाकात गेलेला असायचा, समोर दिवसभर चिमण्या-क्रेन बघत हिंडलेलं पोट. माणूस जेवायचा. हात धुतल्यावर तिला आठवण करून द्यायचा किंवा तीच त्याला करून द्यायची. "इचारत होते ना? आमी बौद्ध. पयले महार. सुपारी देऊ?"

त्यानंतरचे चेहरे बघायला मी पडवीच्या खांबाआड उभी राहायची. एकाला ठसका लागला तो थांबेना. एक जण मागे जाऊन घशात बोटं घालून आला, पण पाटवडी काही त्याच्या बोटाला ऐकणारी नव्हती. एक गृहस्थ फक्त म्हणाले, "अच्छा," आणि सुपारी घेतली. खोटं ती कधी बोलली नाही. विचारलं त्याला सांगितलं, फक्त वेळ आपली निवडली.

आणि यातली खरी लबाडी पुढेच होती. कुणी बाहेर जाऊन बोंबलायचं नाही. बोंबलणार कसा? गिरजाबाई कोण ते सांगायचं, तर आपण तिथं ताट चाटून आलो हेही सांगावं लागणार. मग प्रत्येक जण गप्प. प्रत्येकाला वाटायचं, हे गुपित आपल्या एकट्याचंच. गावातले लोकही यायला लागले. तिकिटबाबू, कापडवाला, पाट्या रंगवणारा बाबुलाल. हे सगळे मागच्या दारानं यायचे, रेल्वेच्या साइडिंगकडून, जिथं कोळशाचे ढीग होते. पहिला निघाला की दुसरा शिरायचा, एकमेकांची तोंडं बघायला नकोत म्हणून. समोरच्या हॉटेलवाल्या भैयालालची बायकोसुद्धा दर गुरुवारी पदराखाली वाटी घेऊन यायची. भैयालाल त्या दिवशी माल आणायला दुर्गला जायचा.

पहिल्या वर्षी मी पोट धरून हसले. दुसऱ्या वर्षी माझं हसू कमी झालं. तिसऱ्या वर्षी मला संताप यायला लागला. तिकिटबाबूला स्टेशनवर नमस्कार केला तर तो मला ओळखायचा नाही, आणि तासाभरानं आमच्याच पडवीत "बहू, थोडा रस्सा और" म्हणायचा. मी आत्याबाईला म्हटलं, ह्याला एक दिवस उपाशी पाठवा. ती म्हणाली, "पोटात गेलं ना? जाऊ दे. पोटात गेलेलं डोक्यात चढाले टाइम लागते."

साठ साली कचेरीतून हुकूम आला, की रस्त्याकडेच्या खाण्याच्या जागांना आता परमिट घ्यावं लागेल. भैयालालचा आमच्या जागेवर डोळा होताच. त्याला टेबलं वाढवायची होती. माणूस मोठा हुशार. जातीचं काही लिहिलं असतं तर त्याच्याच अंगाशी आलं असतं. अस्पृश्यतेचा कायदा होऊन पाच वर्षं झाली होती आणि हे त्याला ठाऊक होतं. त्यानं अर्जात एवढंच लिहिलं, की गिरजाबाईच्या खानावळीत कुणी जेवत नाही, जागा नुसती अडून पडली आहे.

डिसेंबरच्या सुरुवातीला साहेब चौकशीला आले. माणूस सरळ होता, हातात फाइल, डोक्यावर उन्हाची टोपी. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि एकेकाला विचारायला लागले.

"बाबुलाल, तुम यहाँ खाते हो?"

"नहीं साहब, हम तो घर का खाते हैं," बाबुलाल म्हणाला. त्याच्या नखांत सकाळच्या रश्श्याची हळद होती.

तिकिटबाबू म्हणाला, त्याला बाहेरचं पचतच नाही. कापडवाल्यानं तर आमचं दार आजच पाहिल्यासारखी मान वळवली. भैयालालच्या बायकोनं खिडकी लावून घेतली. साहेबांनी सात जणांना विचारलं आणि सातही जण घरचं खाणारे निघाले. त्यांतल्या एकाच्याही घरी मी कधी चूल पेटलेली ऐकली नव्हती. मी तोंड उघडणार होते, पण आत्याबाईनं माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली.

साहेब आमच्या दाराशी आले. "बाई, कोई खाता ही नहीं, तो परमिट किसके लिए?"

आत्याबाईच्या मुठीत अजून माझं मनगट होतं. साहेबच म्हणाले, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी बारा वाजता येतो. कुणी जेवताना दिसलं तर परमिट, नाही तर जागा भैयालालला. आणि नियम असा, की समोर मालकाच्या पूर्ण नावाची पाटी हवी.

त्या संध्याकाळी ती चुलीपुढे बसली आणि चिमट्यानं राख उकरत राहिली. मग म्हणाली, "हिरा, मले वाटे मी लोकायले फसवून राहिली. मी तर त्यायले लपाले शिकवून राहिली होती वं." मला तिचा इतका राग यायचा, पण तेव्हा वाटलं, हिला कुणीतरी जवळ घ्यावं. मी घेतलं नाही. सासू-सुनांत तेव्हा तसली पद्धत नव्हती. मी तिच्यापुढे चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं मागच्या दाराला आडवी फळी ठोकली. मग पाटीचा विषय निघाला. शालिकराम म्हणाला, "माय, 'नागपूर भोजनालय' लिहू. खाली बारीक अक्षरात जी. डी. रामटेके. कोनाले समजत नाही."

"बारीक कावून?" आत्याबाई म्हणाली. "नाव माह्यं हाये. चोरून आनलं का मी?"

बाबुलाल पाटी रंगवायला आला तो मान खाली घालूनच. पाटीवर मजकूर घालायचा होता: गिरजाबाई धोंडबा रामटेके, बौद्ध, यांची खानावळ. डोंगरगडला जाणाऱ्यांची राहण्या-जेवणाची सोय. तो म्हणाला, "बाई, जगह कम है. 'बौद्ध' निकाल देते हैं."

"'सोय' लहान काढ," ती म्हणाली. "लोकं आले का सोय आपोआप दिसते."

त्यानं 'सोय' लहान काढली. जाताना तो मागच्या बाजूला गेला, ठोकलेली फळी बघितली आणि उपाशीच निघून गेला.

पाटी लागली आणि खानावळ बसली. दोन आठवडे एक माणूस समोरून आत आला नाही. मागून मात्र रोज टकटक व्हायची. टकटक, मग थोडी वाट, मग पावलं कोळशावरून परत. डोंगर बघायला आलेली मंडळी पाटी वाचायची आणि रस्ता ओलांडायची. भैयालालनं बाहेर बाकं टाकली. त्याची डाळ इतकी पातळ असायची की ताटाचा तळ दिसायचा, पण बाकं भरलेली. सहा रिकाम्या खाटा मी रोज झटकायची. मला भीती वाटायला लागली होती. नवऱ्याचा पगार होता, उपाशी मेलो नसतो. पण ही जागा गेली असती तर आत्याबाई गेली असती, हे मला कळत होतं. एक दिवस मी चिडून म्हटलं, "मागची फळी काढा. साहेब यीन तेव्हा चार जन तरी दिसतीन."

"मागून आलेला मानूस साहेबाले दिसत नाही," ती म्हणाली. "पायलं ना तू?"

शेवटचा शनिवार आला. तिनं पहाटेच खोबरं भाजलं. वीस माणसांचा स्वयंपाक केला. मी विचारलं, "कोनासाठी?" तिनं ताटं मोजून मांडायला घेतली.

अकराच्या गाडीनं शामसुंदर मास्तर उतरले. जबलपूरकडचे शाळामास्तर. दर नाताळच्या सुट्टीत भिलाईत भावाकडे यायचे आणि डोंगरगड करायचे. पहिल्या वर्षी, माझ्या लग्नाआधी, आमच्याकडे जेवले, मग विचारलं, मग पांढरे पडले. पुढची तीन वर्षं न चुकता मागच्या दारानं आले. या खेपेला सगळं कुटुंब बरोबर होतं, बायको, स्टेशनवर न्यायला आलेले भाऊ-भावजय आणि काठी टेकत चालणारी म्हातारी आई. मास्तर सवयीनं आमच्या दिशेनं चार पावलं आले आणि पाटी दिसली तसे थबकले.

"क्या लिखा है?" म्हातारीनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं. मास्तरांनी वाचून दाखवलं, अगदी 'बौद्ध'सकट. मास्तरच ते, समोर अक्षर दिसलं की वाचणार. मग एकदम म्हणाले, "चलो अम्मा, उधर बैठते हैं." आणि सगळी वरात भैयालालच्या बाकांवर.

मी आत्याबाईला कोपरानं ढोसलं. "हाक मारा ना! म्हना, मास्तर, मागच्या खेपेले गमछा विसरून गेले होते."

आधीची आत्याबाई असती तर तिनं ही हाक मारली असती, आणि ती सगळ्या बाजारानं ऐकली असती. पण ती उंबऱ्यात बसून राहिली. "नोको," म्हणाली. "त्यायचं त्यायले येऊ दे."

समोर ताटं आली. म्हातारीनं डाळीत बोट बुडवून पाहिलं. तिचा आवाज मोठा होता आणि रस्ता अरुंद, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "शाम, यही है वो चीज? इसी के लिए तू चार साल से मेरी दाल में खोट निकालता है?"

मास्तर पुटपुटले, ही नव्हे.

"तो कहाँ है?"

मास्तरांनी हळू काहीतरी सांगितलं. ते आम्हाला ऐकू आलं नाही. म्हातारी उठली. हात धुवायला जाते म्हणाली आणि भैयालालच्या हॉटेलामागे दिसेनाशी झाली.

थोड्या वेळानं आमच्या मागच्या दारावर काठी वाजली.

मी फटीतून पाहिलं. म्हातारी कोळशाच्या ढिगात उभी होती आणि तिच्या पदराखाली पितळेची वाटी होती. चार वर्षं ज्या रश्श्यानं तिच्या डाळीची अब्रू घेतली होती, तो रस्सा तिला चाखायचा होता. मला हसू फुटत होतं. मी फळी काढायला हात घातला.

आत्याबाईनं माझा हात बाजूला केला आणि दाराला तोंड लावून म्हणाली, "अम्मा, ये दरवाजा नहीं खुलता. सामने से आओ."

बाहेर काठी एकदा कोळशावर आपटली. मग काठीचा आवाज दूर गेला. मी म्हटलं, "गेली." घड्याळात पावणेबारा झाले होते. मला रडायला आलं, आणि सासूच्या हट्टाचा असा राग आला, की वाटलं पातेलंच उलटं करावं. आत्याबाई पाटावर बसली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

मग समोर भैयालालच्या बाकांवरची बोलणी एकदम थांबली.

म्हातारी कोळशाच्या ढिगाला वळसा घालून, पानठेल्यापुढून, तिकिटबाबूच्या नाकासमोरून, रस्त्याच्या मधून चालत येत होती. वाटी आता पदराखाली नव्हती, हातात होती. मास्तर मागून "अम्मा, अम्मा" करत पळत होते. ती पाटीखाली येऊन उभी राहिली.

आत्याबाई उठून दारात आली. ती म्हणाली, "अम्मा, बोर्ड पे क्या लिखा है, मालूम है ना?"

"बेटे ने पढ़ के सुनाया," म्हातारी म्हणाली. "सुन के ही आई हूँ. अब हट, पाँव दुख रहे हैं."

ती आत आली, भिंतीला काठी लावली आणि पाटावर बसली. आत्याबाईनं तिच्या हातातली वाटी काढून बाजूला ठेवली आणि पुढे ताट मांडलं. मास्तर उंबऱ्यावर चुळबुळ करत उभे. म्हातारी त्यांना म्हणाली, "बैठ. चार साल बैठ के खाया, आज खड़ा क्यों है?" मास्तर बसले. त्यांचे कान लाल झाले होते आणि अजून एक घाससुद्धा तोंडात गेला नव्हता.

बारा वाजता साहेब आले. मागून भैयालाल, हात जोडलेले, चेहऱ्यावर काळजी. साहेबांनी आत डोकावून पाहिलं आणि टोपी काढली. त्यांना बहुधा विश्वास बसला नाही. त्यांनी विचारलं, "अम्मा, आप यहाँ खाती हैं?"

म्हातारीचं नाक वाहत होतं, डोळ्यांतून पाणी, तोंडात पाटवडी. तिनं घास गिळला आणि साहेबांकडे असं बघितलं जसं ती शाळेत न जाणाऱ्या नातवाकडे बघत असेल.

"दिखता नहीं?" ती म्हणाली. "खा रही हूँ. एक रोटी और ला, बहन."

आत्याबाई चुलीकडे वळली आणि रडायला लागली. धुराचं निमित्त तिनं केलं नाही. सगळ्यांसमोर सरळ रडली आणि रडता रडताच भाकर थापायला घेतली.